मागून मारलेली हाक

नेमणूक फेब्रुवारीत झाली आणि प्रशिक्षण ऑगस्टमध्ये. मधले सहा महिने ज्ञानेश्वरीनं अंगणवाडी आपल्या मनानंच चालवली.

मिरजगावपासून चार किलोमीटर आत, माळवस्तीवर एक खोली, पुढं पत्र्याची पडवी आणि पटावर बावीस मुलं. ज्ञानेश्वरी सव्वीस वर्षांची, बी.ए. झालेली, वस्तीवरचीच सून. सेविकेच्या जागेसाठी सात अर्ज आले होते आणि गुणांच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं. ती यादी तिच्या नवऱ्यानं मोबाईलवर सगळ्या पाहुण्यांना पाठवली होती. आपल्याला हे काम येतं, याबद्दल तिला स्वतःला कधी शंका आली नव्हती. मुलं तिला घाबरून असायची. ओळीत बसायची, हात धुवायची, कविता एका सुरात म्हणायची. मदतनीस झुंबरबाई पंधरा वर्षं तिथं होत्या. त्यांनी असली शिस्त पूर्वी पाहिली नव्हती आणि तसं त्या म्हणायच्याही. त्यांच्या बोलण्यात कौतुक होतं की आणखी काही, हे ज्ञानेश्वरीनं कधी पाहिलं नाही.

प्रशिक्षण कर्जतला होतं, तीन दिवसांचं. तालुक्यातल्या नव्यानं लागलेल्या बेचाळीस सेविका. शिकवायला नगरहून सरोजिनी मॅडम आल्या होत्या. साठीच्या, बारीक चणीच्या, पांढरे केस घट्ट बांधलेले. आयुष्यभर बालवाडी चालवलेली बाई. माईक त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. म्हणाल्या, "लहान मुलांसमोर माईक नसतो, मग इथं कशाला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर बायका पेंगायला लागल्या. पुरी-भाजी झाली होती आणि पंखे नुसते फिरत होते. सरोजिनी मॅडमनी फळ्यावरचं पुसलं आणि म्हणाल्या, "आता सगळ्यांनी जागं व्हायचं. तुमच्या अंगणवाडीतलं सगळ्यात अवघड मूल कोणतं? सांगायचं नाही. इथं येऊन करून दाखवायचं."

दोघी-तिघी उठल्या. एकीनं रडकं मूल दाखवलं, एकीनं चावणारं. मग ज्ञानेश्वरी उठली. शाळेत गॅदरिंगला तिच्या नकलांना हमखास बक्षीस असायचं. ती पुढं आली, ओढणी कमरेला बांधली आणि तिनं अनन्या केली.

अनन्या तिच्या अंगणवाडीतली चार वर्षांची मुलगी. तोंड अर्धवट उघडं ठेवून ज्ञानेश्वरी समोरच्या बाईच्या तोंडाकडं टक लावून पाहत राहिली. "बस म्हटलं की," असं म्हणून तिनं उभं राहून दाखवलं. "उभी राहा म्हटलं की," आणि ती फतकल मारून बसली. सगळ्या टाळ्या वाजवतात तेव्हा ही इकडं-तिकडं बघून सगळ्यांच्या मागून एकटी टाळी वाजवते, तेही केलं. मान वाकडी करून मोठ्यानं "आं? आं?" केलं. शेवटी जिभेला गाठ पडल्यासारखं, तोंडातल्या तोंडात, "बाआ, आआ तू आआ" अशी कविता म्हणून दाखवली.

सभागृह हसून हसून लोळलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईला ठसका लागला. कुणीतरी म्हणालं, "अगं, परत कर, परत कर!" ज्ञानेश्वरीनं कविता परत म्हटली.

सरोजिनी मॅडमही आधी हसल्या होत्या. मग त्यांचं हसू थांबलं.

"काय करता तुम्ही हिचं?" त्यांनी विचारलं.

"बाजूला बसवते मॅडम थोडा वेळ. एकीचं बघून बाकीची बिघडतात ना."

"मागून हाक मारली तर वळते?"

ज्ञानेश्वरीच्या तोंडावर हसू तसंच होतं. ती कमरेची ओढणी सोडायला लागली. तिला एकदम झुंबरबाई आठवल्या, चुलीपाशी उकिडव्या बसलेल्या. होळीच्या आधीचे दिवस होते. "बाई, ह्या पोरीला कमी ऐकू येतंय का वो?" असं त्या म्हणाल्या होत्या. आणि तिनं रजिस्टरमधून मान वर न करता उत्तर दिलं होतं, "झुंबरबाई, तुम्ही खिचडी बघा."

बेचाळीस बायका बघत होत्या. अजून काहींच्या डोळ्यांत हसून आलेलं पाणी होतं.

"वळते की मॅडम," ती म्हणाली. "नुसती नाटकं करते."

पुन्हा हशा झाला, पण थोडा.

"थाळी वाजवून बघितलंत?"

"हो मॅडम."

मॅडम तिच्याकडं क्षणभर बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या. "बसा."

तिसऱ्या दिवशी सकाळचा तास मुलांच्या वाढीतल्या अडचणी कशा ओळखायच्या याचा होता. तो ठरलेलाच होता, छापील कागदावर वेळेसकट लिहिलेला होता. पण ज्ञानेश्वरीला वाटलं, तो आपल्यासाठीच ठेवलाय. आधी नजर, मग चालणं, मग कान. सरोजिनी मॅडम संथपणे सांगत होत्या आणि बायका वहीत उतरवून घेत होत्या. कमी ऐकू येणारं मूल बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहतं. सांगितलेलं उलटंच करतं, कारण अर्धं ऐकू आलेलं असतं. इतरांचं पाहून मागाहून करतं. मान एका बाजूला वळवतं, कारण एका कानानं जरा बरं ऐकू येतं. शब्द नीट फुटत नाहीत. घरचे म्हणतात, हट्टी आहे, जीभ जड आहे.

ज्ञानेश्वरीचं पेन थांबलं. काल तिनं जे जे केलं होतं, ते एकामागून एक येत होतं. एकही गोष्ट सुटली नव्हती. इतकं बारीक तिनं त्या पोरीला पाहिलं होतं, आणि ते फक्त नक्कल करण्यापुरतं. शेजारी बसलेली जामखेडच्या बाजूची बाई वाकून हळूच म्हणाली, "अगं, तुझी कालची पोरगी..." आणि मग काय वाटलं कोण जाणे, वाक्य अर्धंच सोडून तिनं वहीत डोकं घातलं. पुढच्या रांगेतल्या दोघींनी वळून पाहिलं. ज्ञानेश्वरीचे कान तापले. सरोजिनी मॅडमनी मात्र पूर्ण तासात तिच्याकडं एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

संध्याकाळी प्रमाणपत्रं मिळाली. फोटो निघाला तेव्हा ती मागच्या रांगेत, एका उंच बाईच्या आड उभी राहिली. निघताना सरोजिनी मॅडम दाराशी प्रत्येकीशी दोन शब्द बोलत होत्या. तिची पाळी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "काही बोलायचंय का ज्ञानेश्वरी?"

"नाही मॅडम."

"माझा नंबर वहीच्या मागं लिहिलाय. असू द्या जवळ."

सोमवारी ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधी अंगणवाडीत गेली. झुंबरबाई झाडत होत्या. "कसं झालं ट्रेनिंग?" त्यांनी विचारलं. ती "झालं" एवढंच म्हणाली आणि कपाटातून स्टीलची थाळी अन् पळी काढून टेबलावर ठेवली.

मुलं आली. अनन्याला तिचे आजोबा बन्सी सायकलवर घेऊन आले. दारातच उतरवून, डोक्यावरून हात फिरवून गेले. अनन्या आत आली. चपला काढल्या, जोडीनं नीट लावल्या आणि कुणी काही सांगायच्या आत उंबऱ्याजवळच्या कोपऱ्यात जाऊन, भिंतीकडं तोंड करून बसली.

ती तिचीच जागा झाली होती. पाच महिन्यांत तिला ते सांगावं लागणं बंद झालं होतं.

ज्ञानेश्वरी तिच्या मागं चार पावलांवर उभी राहिली. "अनन्या," तिनं हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "अनन्या!" बाकीची एकवीस मुलं गप्प होऊन बघायला लागली. अनन्या भिंतीचा निघालेला पोपडा नखानं उकरत होती. ज्ञानेश्वरीनं थाळीवर पळी हाणली. पोरं दचकली, एकानं कानांवर हात धरले, सगळ्यात धाकटी रडायला लागली. अनन्याचं बोट पोपड्यावरच होतं. मग तिनं सगळा जोर लावून थाळी वाजवली. तेव्हा अनन्यानं मान वळवली, तीही उलट्या बाजूला. तिकडं कुणीच नव्हतं. तिनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

ज्ञानेश्वरीनं थाळी खाली ठेवली. झुंबरबाई रडणाऱ्या पोरीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कसलंही नवल नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"म्हनले हुते की बाई तुमाला. होळीच्या आदुगर."

"मग परत का नाही सांगितलं?"

झुंबरबाईंनी कडेवरची पोर सावरली. "तुमी म्हनला, खिचडी बघा. मी खिचडी बघितली."

त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. ज्ञानेश्वरी अनन्याजवळ गेली, तिला उचललं आणि गोलात, आपल्या समोर आणून बसवलं. अनन्या घाबरून तिच्याकडं बघत राहिली. आपलं काय चुकलं हे तिला कळत नव्हतं. जरा नजर हटली की ती उठून कोपऱ्यात जायची. त्या दिवशी तिला चार वेळा परत आणून बसवावं लागलं.

दुपारी ज्ञानेश्वरी अनन्याच्या घरी गेली. अनन्याची आई चैताली कांदा साठवायच्या चाळीत निवडणी करत बसली होती. ज्ञानेश्वरीहून दोन वर्षांनी लहान. सासरे बन्सी सडका कांदा पाटीत भरून बाहेर टाकत होते. ज्ञानेश्वरी वाटेत सगळं जुळवत आली होती, आधी हे सांगायचं, मग ते. पण तोंडातून निघालं ते एवढंच, की अनन्याला ऐकू कमी येतं असं मला वाटतंय, प्रशिक्षणात तपासायला शिकवलं, तसं मी करून बघितलं, तिला दवाखान्यात न्यायला पाहिजे.

चैतालीचे हात थांबले. मग तिनं कांद्याच्या धुळीनं भरलेल्या हातानंच तोंड झाकलं.

"आमाला वाटायचं, हट्टी हाय," ती म्हणाली. "मी लई मारलंय बाई तिला. ऐकत न्हाई, ऐकत न्हाई म्हनून मारलंय."

"तुला काय माहीत असणार," ज्ञानेश्वरी म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून सहज गेलं आणि लगेच तिला ते बोचलं.

बन्सी म्हणाले, "बाई, तुमी हुत्या म्हनून कळलं. आधीच्या बाईंना ह्यातलं काय समजत नव्हतं. शिकलेलं मानूस ते शिकलेलं." त्यांनी सुनेला चहा ठेवायला लावला. ज्ञानेश्वरीनं तो चहा प्यायला. उंबऱ्याचं आणि भिंतीचं ती काही बोलली नाही. दोन दिवसांत सगळ्या वस्तीवर झालं, की नव्या बाईंनी पोरीचा कान ओळखला. पिठाच्या गिरणीत एका म्हातारीनं तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. ती घरी आली आणि नवऱ्यानं काय झालं विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतंय.

पुढच्या आठवड्यात ती चैताली आणि अनन्याबरोबर नगरच्या दवाखान्यात गेली. अनन्याच्या कानांना यंत्रं लावून बराच वेळ तपासणी चालली. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं, त्या म्हणाल्या. मशीन लावावं लागेल, बोलायला वेगळं शिकवावं लागेल. मशीन मिळायची सोय होईल, पण वेळ गेलाय. या वयात एकेक महिना मोलाचा असतो.

मग त्यांनी कागदावरून नजर वर उचलली. "अंगणवाडीत जाते ना ही? तिथं कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"ह्याच तर बाई हायेत," चैताली घाईनं म्हणाली. "ह्यांनीच वळखलं."

डॉक्टरीणबाईंनी ज्ञानेश्वरीकडं पाहून मान डोलावली. "छान केलंत."

ज्ञानेश्वरी टेबलावरचे कागद गोळा करायला लागली.

परतीला सोलापूरची गाडी मिळाली. तिघींना मागं एका बाकावर जागा झाली. अनन्या मध्ये बसली होती आणि गाडी शहराबाहेर पडेपर्यंत झोपली, डोकं आईच्या मांडीवर आणि पाय ज्ञानेश्वरीच्या मांडीवर. बाहेर चार वाजताचं ऊन होतं. चैताली मशीनबद्दल विचारत होती, झोपताना काढायचं का, आंघोळीला काय करायचं. ज्ञानेश्वरीला उत्तरं देता येईनात.

"चैताली," ती म्हणाली, "मी तिला भिंतीकडं तोंड करून बसवत होते."

"आं?"

"अंगणवाडीत. उंबऱ्याजवळ. सांगितलेलं ऐकत नाही म्हणून."

चैतालीला आधी कळलंच नाही. "कदी?"

"फेब्रुवारीपासून."

"रोज?"

ज्ञानेश्वरीला वाटलं, रोज नाही म्हणावं. खरंच काही दिवस नव्हतं बसवलं. "बहुतेक रोज," ती म्हणाली. "झुंबरबाईंनी मला होळीच्या आधी सांगितलं होतं, हिला ऐकू येत नसेल म्हणून. मी त्यांनाच गप्प केलं. आणि तिकडं कर्जतला..." तिनं मांडीवरच्या अनन्याच्या पायांकडं पाहिलं. "तिकडं मी तिची नक्कल करून दाखवली. सगळ्या हसल्या. मॅडमनी विचारलं, तपासलंय का, तर मी हो म्हणाले. तपासलं नव्हतं."

चैताली तिच्याकडं बघत होती. ती काहीतरी ओरडून बोलेल, असं ज्ञानेश्वरीला वाटलं. गाडीतल्या सगळ्यांनी ऐकलं असतं तरी तिची हरकत नव्हती. पण चैतालीनं ज्ञानेश्वरीच्या मांडीवरचे अनन्याचे पाय हळूच उचलले, गोळा करून आपल्या कुशीत घेतले आणि खिडकीकडं तोंड केलं. मिरजगाव येईपर्यंत ती तशीच बसली. फाट्यावर उतरल्यावर तिनं पोरीला खांद्यावर घेतलं आणि वस्तीचा रस्ता धरला. ज्ञानेश्वरी बराच वेळ मागं थांबली, तिच्याबरोबर चालायला लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून अनन्या अंगणवाडीत आली नाही. झुंबरबाई दोनदा बोलवायला जाऊन आल्या. ज्ञानेश्वरी स्वतः गेली तेव्हा चैताली घरातून बाहेर आली नाही. बन्सी पडवीत होते. आता त्यांनी बसा म्हटलं नाही. "पोरगी येईल," ते म्हणाले, "पन तिच्या आईला जरा टाईम द्या."

त्या आठवड्यात तिनं सरोजिनी मॅडमना फोन केला. मधल्या सुट्टीत, अंगणवाडीच्या मागच्या बाजूला उभं राहून सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्ही खोटं बोलताय हे मला तिथंच कळलं होतं," मॅडम म्हणाल्या. "मी सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. आणि विचारायच्या आधी मीही हसले होते. तेवढी चूक माझी."

"मी काय करू मॅडम?"

"मी काही तुम्हाला मोकळं करू शकत नाही ज्ञानेश्वरी. ती येईल तेव्हा तिच्या समोर, तिच्या उंचीला बसून बोला. उजेड तुमच्या तोंडावर पडला पाहिजे, पाठीवर नाही. आणि त्या मदतनीस बाईंना विचारत जा."

अनन्याचा कागद वर पाठवायचा होता. त्यात एक रकाना होता, अडचण प्रथम कोणाच्या व केव्हा लक्षात आली. ज्ञानेश्वरीनं झुंबरबाईंचं पूर्ण नाव लिहिलं, पुढं मदतनीस, आणि मार्च महिना घातला. सुपरवायझर मॅडमनी तो कागद बघून तिला बाजूला घेतलं. "असं लिहिलंत तर मधले पाच महिने काय केलं, हे तुम्हालाच विचारतील."

"विचारू द्या," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिला हे धीटपणे म्हणायचं होतं, पण आवाज बारीक निघाला. पुढं लेखी खुलासा मागवणारं पत्र आलंच. ते तिनं नवऱ्याला दाखवलं. त्यानं वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. ते त्यानं कुणाला पाठवलं नाही.

झुंबरबाईंना तिनं सांगितलं, तुमचं नाव लिहिलंय. त्या मटकी निवडत होत्या. "कशाला लिवलं?" म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "माज्या नंदंचा पोरगा आसाच हुता. त्याला लई मार बसला शाळंत. म्हनून माज्या ध्यानात आलं." ज्ञानेश्वरी त्यांच्याशेजारी खाली बसली आणि मटकी निवडू लागली. एवढ्या महिन्यांत ती चुलीपाशी पहिल्यांदाच बसली होती.

दिवाळी झाल्यावर अनन्याला मशीन मिळालं. त्यानंतरच्या सोमवारी चैताली तिला घेऊन अंगणवाडीत आली. पोरीच्या दोन्ही कानांमागं बोटाच्या पेराएवढी, फिकट रंगाची यंत्रं होती. चैतालीनं पोरीला आत सोडलं आणि स्वतःही आत आली.

"मी बसनार हाय हितं," ती म्हणाली. "रोज."

"बस," ज्ञानेश्वरी म्हणाली.

चैताली मागच्या भिंतीला टेकून बसली, हात गुडघ्यांभोवती. ज्ञानेश्वरीनं अनन्यासमोर खाली बसून, उजेडाकडं तोंड करून, सावकाश रंगांची नावं घेतली. सहा महिने ज्या खोलीत ती पाठ ताठ ठेवून वावरली होती, तिथं आता हात कुठं ठेवावा हे तिला समजेना. एका मुलानं दुसऱ्याला ढकललं. ती सवयीनं ओरडायला गेली, तिची नजर चैतालीवर पडली आणि शब्द तिथंच राहिला. चैताली तिच्याकडं बघत होती. रागानं नाही. हिशेब करावा तसंही नाही. नुसती बघत होती, आणि तेच ज्ञानेश्वरीला सगळ्यात जड जात होतं. पण दार लावून घ्यावं, चैतालीला घरी जा म्हणावं, असं तिला एकदाही वाटलं नाही.

मंगळवारी चैताली आली. बुधवारी, गुरुवारीही आली. शुक्रवारी तिनं झुंबरबाईंना कोथिंबीर निवडून दिली. ज्ञानेश्वरीशी ती कामापुरतंच बोलायची. मशीनची बॅटरी बदलली, काल दोनदा काढून फेकलं, असं.

शनिवारी ती दारातच थांबली. आत वाकून तिनं अनन्याची वेणी सारखी केली आणि यंत्रं नीट बसली आहेत का ते बोटानं चाचपून पाहिलं.

"मी बारा वाजता येते न्यायला," ती म्हणाली. "शेतात बाया लावल्यात."

"बरं," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिला आणखी काही म्हणायचं होतं. पण चैताली वळून चालायला लागली होती, आणि आत मुलं गोल करून बसायची वाट पाहत होती.